इटालियन काकूंचे चौबळ सर

कल्याणला आमच्या वाचनालयाच्या नव्या इमारतीत शिरलं की समोरच एका बाईंचा संगमरवरी अर्धपुतळा दिसतो. तो भिंतीपासून चांगला तीन फूट पुढे ठेवलाय. येणाऱ्याजाणाऱ्याची अडचण होते, पिशव्या अडकतात, आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवा सभासद मला विचारतो, "मॅडम, हा जरा मागे सरकवला तर?" मी नाही म्हणते. मी आता निवृत्त ग्रंथपाल आहे, माझं कुणी ऐकलंच पाहिजे असं नाही, पण ऐकतात. पुतळ्याखाली पितळेची पट्टी आहे. तिच्यावर तीन ओळी आहेत. "अन्नपूर्णाबाई. दगड इटलीचा. घडवणारा कोण, सांगता येत नाही." ही शेवटची ओळ वाचून लोक हसतात. पितळेवर कोरून घ्यायचं आणि काय कोरायचं, तर सांगता येत नाही! त्या तिन्ही ओळी चौबळ सरांच्या आहेत. तीन फूटही त्यांचेच.

सर गेल्या वर्षी गेले. एक्क्याऐंशी वय होतं. वाचनालयाच्या स्मरणिकेत मी त्यांच्यावर अर्धं पान लिहिलं, त्यात 'निःस्वार्थी' हा शब्द दोनदा आला. सरांनी वाचलं असतं तर त्यावर बोट ठेवून विचारलं असतं, "कशावरून?"

कशावरून, हा सरांचा शब्द. आंबेवाला म्हणाला देवगडचा आहे, की सर विचारणार, कशावरून? डॉक्टर म्हणाले ॲसिडिटी आहे, कशावरून? एकदा कल्याण स्टेशनबाहेर रिक्षावाला म्हणाला, पुढे रस्ता खणलाय, फिरून जावं लागेल. सर आधी पायी जाऊन खड्डा बघून आले आणि मग रिक्षात बसले. भांडखोरपणा नव्हता त्यात. आवाज चढायचा नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं, आणि समोरच्यानं धड कारण दिलं की लगेच "बरं" म्हणून गप्प बसायचे. पण कारण बहुतेकांजवळ नसतं, त्यामुळे लोक वैतागायचे. त्यांच्या पत्नी सुमनताई मला म्हणालेल्या, "आमचं लग्न ठरत होतं तेव्हा आमच्याकडच्यांनी सांगितलं, मुलगी सुगरण आहे. हे म्हणाले, कशावरून? माझ्या वडिलांनी मला तिथल्या तिथे कोळंबीचं खडखडलं करायला बसवलं." मग म्हणाल्या, "वर गेल्यावर यमालाही विचारतील, मी मेलोय कशावरून."

ठाण्याच्या एका शाळेत सरांनी तीस वर्षं चित्रकला शिकवली. घर नौपाड्यात. अंगानं काटकुळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, काळ्या दोरीला लटकणारा चष्मा, खांद्याला खाकी पिशवी. निवृत्त झाल्यावर जुन्या मासिकांसाठी म्हणून दर गुरुवारी ते ठाण्याहून आमच्याकडे यायला लागले, आणि पहिल्याच महिन्यात आमची गाठ पडली. ती माझ्या चुकीमुळे.

हा पुतळा तेव्हा जुन्या इमारतीत जिन्याखालच्या कोनाड्यात होता. वाचनालयाला पहिली जागा देणारे मिठाचे व्यापारी होते, त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई यांचा हा पुतळा. इटलीत घडवून आणलाय असं आम्ही सगळेच ऐकत आलेलो, म्हणून त्यांचं नाव पडलं इटालियन काकू. तर त्या वर्षी वाचनालयात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आम्ही बायका एकमेकींना लावत होतो आणि कोनाड्यात काकू एकट्या, कपाळ मोकळं. मला ते बरं दिसेना. मी पुढे होऊन त्यांना हळद लावली, कुंकू लावलं, पायाशी तिळगूळ ठेवला. पाय नाहीत त्यांना, पण जिथे असते तिथे ठेवला. त्यात काही चुकतंय असं एकीलाही वाटलं नाही. उलट दोघीतिघींनी नमस्कार केला.

गुरुवारी सर मासिकं सोडून कोनाड्यापाशी उभे. "हे कुणी लावलं?"

"मी."

"सवाष्ण म्हणून?"

"हो."

"कशावरून? यजमान आधी गेले नसतील कशावरून?"

मी तेव्हा जरा तिखटच होते. म्हटलं, "गळ्यात मंगळसूत्र कोरलंय, बघा."

ते वाकले, चष्मा लावला, पदराच्या कडेला कोरलेले मणी मोजले. "बरं," म्हणाले. "तुमचं बरोबर आहे. पण बाई, संगमरवर पितो. तेल पितो, हळद पितो. फरशी पुसावी तसं पुसून हे जायचं नाही."

मग सरांनी ते काम अंगावर घेतलं. टीपकागद भिजवून त्याचा लगदा करायचा, तो काकूंच्या कपाळावर थापायचा, वाळला की काढायचा, पुन्हा थापायचा. पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड, नळाचं चालायचं नाही. पाच महिने काकू कपाळावर पट्टी ठेवलेल्या तापकऱ्यासारख्या बसलेल्या होत्या. कुंकू गेलं. हळदीचा गव्हाएवढा डाग अजून आहे. मला लाज वाटायची, तर सर म्हणायचे, "राहू दे. हाही खराच आहे."

कुंकू निघालं तरी गुरुवार राहिला. दाढीचा एक नवा ब्रश पुतळ्यासाठी ठेवलेला, त्यानं धूळ झाडायची. वरून खाली. नाक धरायचं नाही, हनुवटीला आधार द्यायचा नाही. मग कापूस ओला करून कानामागे, गळ्याच्या वळीत. हे चालू असताना कुणी बोललेलं त्यांना आवडायचं नाही. अपवाद फक्त मथुराचा. मथुरा आमच्याकडे झाडलोट करायची. कोपरच्या कोळीवाड्यातली, नवरा खाडीत होडी घालायचा. सर तिला खाडीत काय आलं ते विचारत, आणि ती निवट्यांपासून चिंबोऱ्यांपर्यंत सगळं ऐकवत असे. सर मासे खाणारे. त्या दोघांचं चांगलं जमायचं.

सरांच्या शिकवण्याची एक गोष्ट आमचे अध्यक्ष मोकाशी प्रत्येक समारंभात सांगत. मोकाशी ठाण्याला सरांचे विद्यार्थी. सरांनी वर्गात टेबलावर एक पितळी तांब्या ठेवला आणि काढायला सांगितला. मोकाशींनी सुरेख काढला, गळ्याभोवतीची नक्षीसुद्धा. सरांनी विचारलं, "मागे काय आहे?" मोकाशी म्हणाले, "मागेही अशीच नक्षी आहे, सर." सरांनी तांब्या फिरवला. मागे नक्षी नव्हतीच, मुठीएवढा पोचा होता. "न पाहिलेलं सांगायचं नाही," सर म्हणाले आणि दहापैकी दोन गुण दिले. मोकाशी ही गोष्ट हसत हसत सांगायचे, पण दोन गुण ते विसरले नव्हते.

सुमनताई कधीकधी सरांबरोबर यायच्या. त्या दिवाळी अंक घेऊन खिडकीशी बसत, सर कोनाड्यापाशी. दोघं फार बोलत नसत. सुमनताईंचा हात फार नीट होता. सरांच्या सदऱ्यांच्या कॉलरी त्या उलटून शिवत, सुटलेलं बटण दिसलं की पर्समधून सुई काढत. सरांना यातलं काही कळत असेल असं मला वाटत नाही. काकूंच्या डाव्या कानाच्या पाळीला एक पापुद्रा आहे हे त्यांना पाठ होतं. सुमनताईंनी नवा चष्मा केला तेव्हा मात्र पंधरा दिवसांनी विचारलं, "हा कधी घेतलास?" त्या हसल्या. मी हसले नाही.

आता मुद्द्याचं. पुतळा नक्की कुणी घडवला हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. जुन्या इतिवृत्तात एवढंच होतं की पुतळा मुंबईहून आला. बैठकीवर दोन अक्षरं आहेत, तीही झिजलेली. सरांनी बावीस वर्षं याच्यामागे घालवली. त्यांचं म्हणणं असं की त्या काळात श्रीमंत मंडळी इटलीला फोटो पाठवायची आणि तिथला कारागीर फोटोवरून पुतळा घडवायचा. काकूंच्या पदराचा काठ बघा, तो जरीचा वाटत नाही, लेसचा वाटतो. कोरणाऱ्यानं जरीकाठ पाहिलेलाच नव्हता, म्हणून त्यानं आपल्याकडची लेस कोरली. डोळ्यांच्या बाहुल्या खोदायची पद्धतही तिकडची. या सगळ्यावरून आणि त्या दोन अक्षरांवरून सरांनी एका इटालियन शिल्पकाराचं नाव नक्की केलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण पुढे सरांनी ते स्वतःच खोडलं. बत्तीस पानांची पुस्तिका काढली. मजकूर मी टाइप केला. त्यात एक ओळ होती, 'पुतळ्याचा मागील भाग कोनाड्यात असल्याने दिसत नाही, परंतु तोही याच शैलीचा असावा.' टाइप करताना मला काही खटकलं नाही. तांब्याची गोष्ट मी दहा वेळा ऐकलेली, तरी नाही.

सुमनताई गेल्या, तेव्हा सर दोन गुरुवार आले नाहीत. तिसऱ्या गुरुवारी आले, ब्रश काढला, काम केलं. मी चहा दिला. "घरी कसं चाललंय?" विचारलं. "बंगळूरहून मुलगी बोलावतेय," म्हणाले, "पण इथे काकूंचं कोण बघणार?" त्या दिवशी मला त्यांचा राग आला, हे कबूल करते. पंधरा दिवसांपूर्वी बायको गेलेला माणूस दगडाची काळजी करतोय. तो राग नंतर गेला. कसा, ते पुढे येईल.

दोन वर्षांनी इमारत पाडायचं ठरलं. वाचनालय तात्पुरतं एका शाळेच्या दोन खोल्यांत हलवलं. पुतळा कोनाड्यातून काढायचा होता. खांद्यापाशी चुन्यानं घट्ट बसवलेला, मागे बोट जाईल एवढीच फट. पाथरवट सकाळपासून छिन्नी चालवत होता आणि सर शेजारी उभे, हात मागे बांधून. काकू बाहेर आल्या आणि सर सरळ मागे गेले. कित्येक वर्षांत ती बाजू कुणी पाहिली नव्हती. मी पुस्तकांची खोकी मोजत होते, मी गेले नाही.

मागे अंबाडा होता. चांगला भरघोस, पेडांचा पीळन् पीळ कोरलेला. अंबाड्याच्या खाली, मानेवर, अंगठ्याच्या नखाएवढा एक फासा होता, आणि त्याची दोन टोकं लोंबत होती. सरांना एवढं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. आठवडाभरात चार पानं लिहून आणली. हा फासा म्हणजे अलंकारिक गाठ आहे, इटलीतल्या पुतळ्यांच्या केसांत अशा फिती असतात, तेव्हा नाव आता पक्कं झालं. ती चार पानंही मीच टाइप केली, आणि तेव्हाही मागे जाऊन पाहिलं नाही.

पुतळ्याच्या दृष्टीनं हे नाव पक्कं होणं गरजेचंच होतं. नव्या इमारतीत दारासमोर एकच जागा होती आणि बिल्डरला तिथे कृत्रिम धबधबा करायचा होता. खाली दगडगोटे, आत निळा दिवा. मोकाशींनी तोड काढली. मुंबईच्या एका संग्रहालयातल्या बाई येऊन बघतील. पुतळा त्या इटालियन शिल्पकाराचा आहे असं त्यांनी लिहून दिलं तर जागा पुतळ्याला, नाहीतर धबधब्याला. मग काकू कुठे? मोकाशींचं खडवलीला फार्महाऊस होतं, तिथल्या गॅरेजमध्ये.

त्या बाई आल्या. सरांच्या निम्म्या वयाच्या, पण जाणकार. तासभर टॉर्च मारून पाहिलं. म्हणाल्या, "सर, दगड इटलीतल्या कराराच्या खाणीतला आहे यात शंका नाही. नावाबद्दल माझा स्वतःचा एवढा अभ्यास नाही. पण तुम्ही बावीस वर्षं हा पुतळा बघताय, तुमचं टिपण चांगलं आहे. तुम्ही सही करा, मी त्याखाली सहमत म्हणून करते." मोकाशी खूश झाले, त्यांना पलीकडच्या खोलीत चहाला घेऊन गेले. टेबलावर कागद राहिला. खोलीत सर, मी, आणि केर काढायला आलेली मथुरा.

सर पेन उघडत होते. मथुरा पुतळ्यामागे वाकून झाडत होती. ती थांबली आणि म्हणाली, "सर, या बायचा दोरा सुटलाय."

"कसला दोरा?"

"गंगावनाचा. यो बगा ना. अंबाड्याच्या खालशी आलाय."

गंगावन म्हणजे बायका वेणीत किंवा अंबाड्यात मिसळतात तो केसांचा जुडगा. वरच्या टोकाला काळा दोरा असतो, तो आपल्या केसांत बांधायचा. नीट खोचला नाही तर दोरा खाली येतो आणि मागून दिसतो.

"ती अलंकारिक गाठ आहे, मथुराबाई," सर म्हणाले.

"नाय सर. गंगावन हाय."

"कशावरून?"

"चालीस वर्सं लावतंय मी," मथुरा म्हणाली. "घाईत बांदला का असाच निघतो. मागून कोनी सांगितल्याबिगर आपल्याला कलत नाय. तुमच्या बायनी कवा लावला नाय का?"

सरांनी पेन हातातच धरून माझ्याकडे पाहिलं. "सामंतबाई, तुम्ही बघता का जरा?"

मी गेले. पहिल्यांदाच गेले. बघायलासुद्धा लागलं नाही. फासा, दोन टोकं, एक लांब, एक आखूड. गंगावनच. फोटोत ही बाजू येत नाही. आणि नवऱ्यानं मोठ्या हौसेनं पुतळा करायला दिलेली बाई सुटलेल्या दोऱ्यानं बसणार नाही. म्हणजे ज्यानं कोरला तो कधीतरी तिच्या मागे उभा होता. तिच्या घरात, तिच्या कामाच्या घाईत. दोरा दिसला, तो त्यानं खोचायला सांगितला नाही, कोरून ठेवला.

"हो, सर," मी म्हटलं.

ते बसले. पेन उघडंच होतं. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "सर, सही करून टाका. त्या बाईंना हे कळलेलं नाही. मोकाशींना तर गंगावन म्हणजे काय तेही माहीत नसेल. मथुरा कुणाला सांगणार नाही."

"मी कशाला सांगू," मथुरा म्हणाली.

मी हे मनापासून म्हटलं होतं. त्या निळ्या दिव्याच्या धबधब्यापुढे मला एक खोटी सही फार मोठी वाटली नाही. सरांनी माझ्याकडे रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता कागद जवळ ओढला, शिल्पकाराच्या नावावर एक रेघ मारली, अगदी सरळ, पट्टी लावल्यासारखी, आणि वर लिहिलं, 'सांगता येत नाही.' मग सही केली.

मोकाशी आले आणि कागद वाचून खुर्चीतच बसले. "सर, बावीस वर्षं तुम्हीच सांगताय!"

"हो. चुकलो."

"अहो, पण एखादा इटालियन माणूस कल्याणला आलाच नसेल का? त्यानं मागून पाहिलंच नसेल का?"

"आला असेल. किंवा त्याच्या हाताखाली शिकलेला इथलाच कुणी असेल. म्हणून तर इटालियन नाही, असं लिहिलेलं नाही मी. सांगता येत नाही, असं लिहिलंय."

"तुम्हाला कळतंय ना, काकू खडवलीला जाणार?"

"कळतंय," सर म्हणाले. "मोकाशी, तो तांब्या आठवतो? मीही मागचं न बघता लिहिलं. मला दोन गुणसुद्धा नाहीत."

संग्रहालयातल्या बाई पुतळ्यामागे गेल्या, तो दोरा पाहिला आणि आपसूक त्यांचा हात स्वतःच्या मानेकडे गेला. जाताना त्यांनी सरांना वाकून नमस्कार केला. पण नमस्कारानं जागा मिळत नाही. महिन्याभरात काकू गोधड्यांत गुंडाळून टेम्पोतून खडवलीला गेल्या. दारासमोर धबधबा झाला.

सरांनी पुस्तिकेच्या उरलेल्या सगळ्या प्रती घरी नेल्या आणि प्रत्येकीत ते नाव हातानं खोडलं. ज्यांना दिल्या होत्या त्यांना पत्रं लिहिली. आमच्या वाचनालयातली प्रत अजून आहे, तीत रेघ आहे. गुरुवार मात्र चुकला नाही. आता ते ठाण्याहून खडवलीला जायला लागले. एक्क्याऐंशीव्या वर्षी, गॅरेजमधल्या पुतळ्याची धूळ झाडायला. मला फोनवर म्हणाले, "इथे बरं आहे, सामंतबाई. चारी बाजूंनी फिरता येतं."

धबधबा सात महिने चालला. मग तो भिंतीत झिरपायला लागला, पलीकडच्या खोलीतली मासिकं भिजली, आणि सभासदांनी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एवढा धुमाकूळ घातला की बिल्डरनं स्वतःच तो काढून नेला. जागा रिकामी झाली. मी त्या आठवड्यात निवृत्त होणार होते. शेवटच्या सभेत मी म्हटलं, काकूंना परत आणा, नाव असो वा नसो. वाद होईल असं वाटलेलं. मोकाशीच म्हणाले, "आणू या. नाहीतर सर मला पुन्हा दोनच गुण देतील." सरांना फोन लागेना, म्हणून हे सांगायला मी गुरुवारी खडवलीला गेलेले.

सकाळचे अकरा-साडेअकरा झाले होते. गॅरेजचं दार उघडं होतं. सर काकूंच्या मागे स्टुलावर बसलेले, मांडीवर चित्रांची वही. आजूबाजूला कागद, सगळ्यांवर तो अंबाडा, तो फासा, खाली मापं. मी बातमी सांगितली. ते "बरं" म्हणाले. मग थोड्या वेळानं, "भिंतीला चिकटवू नका. तीन फूट सोडायला सांगा. माणूस मागे जाऊ शकला पाहिजे." आणि त्या पट्टीच्या तीन ओळी एका चिटोऱ्यावर लिहून दिल्या.

त्यांच्या डाव्या हातात काहीतरी काळं होतं. मी नीट पाहिलं. गंगावन. जुनं, मधे पिंगट पडलेलं, वर काळ्या दोऱ्याचा फासा.

"मथुराचं का?" मी विचारलं.

"सुमनचं," सर म्हणाले. "मथुराबाईंनी त्या दिवशी विचारलं ना, म्हणून घरी जाऊन कपाट उघडलं. खालच्या खणात रुमालात बांधलेलं होतं. दोन होती. मला वाटायचं केस तिचेच आहेत." त्यांनी दोऱ्याचा फासा बोटानं चाचपला. "एक्केचाळीस वर्षं, सामंतबाई. मला माहीतच नव्हतं."

मग ते माझ्याकडे वळले.

"तुम्हाला माहीत होतं?"

काय सांगणार? माहीत होतं. वाचनालयात खिडकीशी त्या खाली वाकून वाचत बसल्या की दोरा निघायचा, आणि मी जाता जाता बोटानं आत सारायची. त्या मान न वळवता म्हणायच्या, "गेला का गं?" मी म्हणायची, "गेला." हे किती वेळा झालं असेल. सर दहा पावलांवर काकूंचा कान पुसत असायचे.

"हो," मी म्हटलं, आणि हेही सगळं सांगितलं.

सरांनी वहीचं कोरं पान काढलं, पेन्सिल धरली. "मागून कशी दिसायची?" त्यांनी विचारलं. "सांगा."

मी सांगितलं. अंबाडा जरा डावीकडे कललेला. मानेवर उजवीकडे एक तीळ. उन्हाळ्यात मानेवरचे बारीक केस कुरळे व्हायचे, ते त्यांना आवडायचे नाहीत. गुरुवारी अबोलीचा गजरा, तोही येताना डोंबिवली स्टेशनबाहेरून मीच आणलेला असला तर. सर पेन्सिल धरून ऐकत होते. माझं संपल्यावरही पेन्सिल तशीच होती आणि पान कोरं होतं. मग त्यांनी पेन्सिल डबीत ठेवली.

"मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी गंगावन रुमालात बांधलं, पिशवीतून ब्रश काढला आणि काकूंच्या अंबाड्यापासून सुरुवात केली. वरून खाली. आता बोलायचं नाही हे मला ठाऊक होतं. मी निघाले.

फाटकापाशी रिक्षा उभी होती. गॅरेजच्या दारातूनच मी एकदा मागे वळून पाहिलं. सरांची पाठ माझ्याकडे होती, मान खाली, दोऱ्याच्या फाशातली धूळ झाडत होते. सदऱ्याची कॉलर मागून विरलेली आणि तिला आतून लावलेला कापडाचा तुकडा, बारीक, एकसारख्या टाक्यांचा. सुमनताईंना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ते टाके सरांना कधी दिसले नसणार. परत जाऊन सांगावं असं वाटलं, तेवढ्यात रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, आणि मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी सांगू.